पुस्तकाबाहेरचं उत्तर

जोतीरामनं धोतराचा सोगा सावरला आणि गोकुळच्या डोळ्यांत न बघताच तो त्याच्यासमोर उभा राहिला. लासुर्ण्याच्या शाळेतल्या हॉलमध्ये शेवटची तालीम चालली होती. वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी राजेश्वरीबाईंनी एका जुन्या कादंबरीचं नाटक बसवलं होतं. दोन जिवलग मित्र. कोठाराला आग लागते, आळ एकावर येतो, खरं काय ते दुसऱ्याला माहीत असतं. तो शेवटपर्यंत ते कबूल करत नाही आणि दोघंही एकेकटे म्हातारे होतात.

भूमिका वाटल्या तेव्हा जोतीराम आणि गोकुळ एका डब्यात जेवत होते. पुढं आठवड्याभरातच दोघं कामाला होते त्या दूध डेअरीत टाकीचा कॉक उघडा राहिला, सगळं दूध गटारात गेलं आणि आळ येऊन गोकुळला घरी बसवलं. चौकशीत जोतीराम म्हणाला, मला काही ठाऊक नाही. गोकुळनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. तालीम मात्र त्यानं एकदाही चुकवली नाही. नाटकातलं सोडून दोघांत दुसरं बोलणं उरलं नव्हतं.

आज पहिल्या रांगेत डेअरीचे मॅनेजर शंभूराज येऊन बसले होते. मंडप डेअरी देणार होती.

“त्या दिवशी कोठारात तू होतास?” गोकुळनं आपलं वाक्य म्हटलं.

‘नव्हतो.’ एवढंच उत्तर होतं. रोजच्या तालमीत जोतीराम ते बिनचूक देत आला होता. आज त्यानं आधी पहिल्या रांगेकडं पाहिलं. राजेश्वरीबाईंनी विंगेतून शब्द पुरवला, पुन्हा पुरवला. गोकुळ जागचा हलला नाही.

“हुतो,” जोतीराम म्हणाला. “कॉक माझ्याकडनं उघडा ऱ्हायला. नोकरी जाईल म्हणून भ्यालो.”

“अहो, पुस्तकात असं नाहीये,” म्हणत राजेश्वरीबाई वही चाळू लागल्या, आणि मध्येच थांबल्या.

शंभूराज सावकाश उठले. उद्या ऑफिसात या, दोघंही, एवढं बोलून निघून गेले.

गोकुळनं डोक्यावरचा फेटा उतरवून खुर्चीवर ठेवला.

“मला ठावं हुतं,” तो म्हणाला. “पयल्या दिवसापास्नं.”

तो पायऱ्या उतरून बाहेर गेला. पटांगणात त्याची मोटरसायकल चालू झाली. जोतीराम कान देऊन उभा राहिला. बराच वेळ झाला, तरी गाडी निघाल्याचा आवाज येईना.

जोतीराम विंगेत चपला शोधू लागला.