आदर्श मुलाखत

"इथं थांबवा," चारुलता मॅडम म्हणाल्या, आणि मी मोबाईलवर बोट टेकवून आईचा आवाज बंद केला.

नंदुरबारच्या शिबिरात आम्ही इतिहास-भूगोल शिकवणारे चाळीस शिक्षक गुणात्मक संशोधन शिकत होतो. गृहपाठ होता, घरातल्या वयस्क माणसाची मुलाखत मोबाईलवर रेकॉर्ड करून आणा. मॅडमनी बजावलं होतं, समोरचं माणूस रडलं तरी धीर द्यायचा नाही, आपलं मत सांगायचं नाही, तटस्थ राहायचं. आम्ही ते वहीत अधोरेखित केलं. आम्हा मास्तरांना वरून काही सांगितलं की आमची अक्कल तिथंच गहाण पडते.

रविवारी रनाळ्याला घरी आईसमोर प्रश्नांची यादी घेऊन बसलो. विषय कापूस वेचणीचा होता, आई भलतंच बोलली. माझ्या आधी तिला एक मुलगी होती, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

"लावा पुढे," मॅडम म्हणाल्या.

"शीलाले ताप व्हता. सासू बोलनी, कापूस येचाले चाल. मी तिले बांधवर निजाडी दिन्हं. सांजले उचलाले गऊ, तं हालेना." आईचा श्वास ऐकू आला. "हेमकांत, तू शिकेल शेस. सांग, मन्ही चूक व्हती का रे?"

मग नुसता पंख्याचा आवाज.

"बोल ना रे."

आणि मग माझा आवाज, वर्गात असतो तसा स्वच्छ. "वेचणीला एकूण किती बायका असायच्या?"

"पंधरा," आई म्हणाली. त्यापुढं ती एका शब्दात उत्तरं देत गेली.

"पाहिलंत?" मॅडम सगळ्यांकडे वळल्या. "उत्तर दिलं नाही, यादीतला पुढचा प्रश्न घेतला. याला म्हणतात आदर्श मुलाखत."

टाळ्या पडल्या. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. शेजारी धडगावचे गुलाबसिंग सर होते, त्यांनी हात मांडीवरून उचलले नाहीत.

"सर, मोबाईल बंद केल्यावर काय सांगितलं आईला?" त्यांनी हळूच विचारलं.

मुलाखत संपल्यावर मी जेवलो होतो आणि झोपलो होतो.

संध्याकाळच्या एसटीनं घरी आलो. आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. चपला न काढताच तिच्यापुढं बसलो.

"आई, तुन्ही काहीच चूक नही व्हती."

तिनं माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. मी मोबाईल काढला, तिच्या डोळ्यांदेखत बंद केला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. तरी ती मोबाईलकडेच पाहत राहिली. मग शेंगांचं सूप बाजूला सारलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि जनगणनेवाल्यापुढं बसते तशी ताठ बसली.

"इचारा सर," ती म्हणाली, "आजून काय इचारनं शे?"