तिसरी शिट्टी

कमलेश वैतीला एकदा भर चौकात उभं करून कोणीतरी विचारायला हवं होतं, की बाबा, तुझं स्वतःचं असं नक्की काय आहे? गळा आहे, मान्य. हळदीच्या स्टेजवर तो उभा राहिला की कोपरीपासून कल्याणपर्यंतच्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचून नाचतात, तेही मान्य. पण बाकीचं? बाकी सगळा आयत्या बिळावर नागोबा. आणि हे त्याच्या सख्ख्या बहिणीइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बहीण करिश्मा. माहेर कोपरीचं, सासर डोंबिवलीचं. नवरा महेंद्र एमआयडीसीत कामाला, घर वन रूम किचन. गिटार तिला बापाने, धाकूने, घेऊन दिलेली, ती कॉलेजात असताना. मिठागरात जन्म काढलेला माणूस, गिटार आणि बेंजो त्याच्या लेखी सारखंच, पण पोरगी मागते म्हणून बाजारात जाऊन घेऊन आला. तेव्हापासून करिश्मा वाजवतेय. स्वयंपाक झाला की वाजवते, कधीकधी होता होता वाजवते.

होळीच्या आसपास तिला एक चाल सुचली. डाळ कुकरला लावलेली होती, ती शिजेपर्यंत तिने फोन ओट्यावर ठेवला आणि चाल रेकॉर्ड केली. वर पंखा गरगरतोय, खाली भंगारवाला ओरडतोय, आणि चाल वर चढते नेमकी तिथे कुकरने तिसरी शिट्टी मारली. "मर मेल्या!" करिश्मा कुकरला म्हणाली, तेही रेकॉर्ड झालं. पण चाल चांगली उतरली होती. तिने ती तशीच भावाला पाठवली, "दादा, ऐक जरा, कशी वाटते?" दादाने नुसता अंगठा पाठवला.

मे महिन्यात कल्याणला मावसबहिणीच्या मुलीची हळद होती. करिश्मा गालाला हळद फासून बायकांत बसलेली. स्टेजवर कमलेशने माईक हातात घेतला. "मंडळी, आता एक नवीन गाणं. चाल माझीच. पहाटे पहाटे सुचली."

पहाटे! हा माणूस अकराच्या आत उठलेला त्याच्या आईनेसुद्धा पाहिला नव्हता.

आणि सुरू झाली की चाल! करिश्माची. सुरासकट, लयीसकट. वर दोन ओळी हळदीच्या चिकटवलेल्या. करिश्माला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकतोय. मग चाल वर चढली आणि कीबोर्डवाल्या पोराने तिथे एक लांबलचक सूर लावला. सुईंऽऽऽ! अगदी त्याच जागी. मेल्यांनी तिच्या कुकरची शिट्टीसुद्धा सोडली नव्हती. तो सूर आला की पब्लिक तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होतं. महेंद्रने लांबून बायकोकडे पाहिलं आणि हातातली प्लेट खाली ठेवली.

करिश्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणं झाल्यावर तिने भावाला मंडपामागे गाठलं. "दादा, ही माझी चाल आहे."

"अगं, घरातलीच ना!" कमलेश हसला. "तुझ्याकडे पडून राहिली असती. आणि ते तुझं रेकॉर्डिंग काय होतं, कुकर काय, भंगारवाला काय. कोणी ऐकलं असतं का? मी वर काढली."

घरातलीच ना. हेच शब्द तिने आधी एकदा ऐकले होते. बाप गेल्यावर ठाण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडपत्रावर सही करताना, कमलेशच्याच तोंडून. "घरातलीच जमीन ना, करिश्मा, भावाकडेच राहणार." सगळ्याच बहिणी करतात, तिनेही केली, वर पेढा खाल्ला. त्या जमिनीच्या पैशावर कमलेश आता घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहतो. त्याचं तिने कधी वाईट वाटून घेतलं नाही, खरंच नाही. पण चाल काय जमीन होती? ती बापाची नव्हती. ती तिच्या डोक्यातून आलेली होती.

त्या दिवशी तिने ठरवलं. चाल नीट, स्वच्छ रेकॉर्ड करायची आणि स्वतःच्या नावाने नेटवर टाकायची. त्यासाठी एक डबी लागते हे तिला कळलं. ऑडिओ इंटरफेस म्हणतात. गिटारची वायर तिच्यात घालायची, तिची वायर लॅपटॉपला, की गिटारचा आवाज थेट आत. पंखा नाही, भंगारवाला नाही, कुकर तर नाहीच नाही. दुपारी भांडी आटोपली की ती त्याचेच व्हिडिओ बघायची. जो तो मोठ्या मशिनी दाखवायचा, दहा बटणं, लाल-हिरवे दिवे. आपल्याला काय विमान उडवायचंय? शेवटी तिने एक डबी हेरली. गिटारचं एक सॉकेट, हेडफोनचं एक, आवाजाचं एक बटण. बास.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा हे तिच्या आईच्या, सखुबाईच्या, बोलण्यातून कमलेशला कळलं. लगेच फोन. "अगं, मला नाही सांगायचं? ओवाळणीत मीच देतो. ठाण्याला ये, दुकानात जाऊ."

करिश्मा वेडी, विरघळली. तिला वाटलं, भावाला लाज वाटली असेल, तोंडाने बोलता येत नाही म्हणून वस्तूने बोलतोय. चांगली साडी नेसून गेली.

दुकानात सेल्समन दोघांच्या मधे उभा, पण तोंड कमलेशकडेच. "सर, किती चॅनल पाहिजेत? सर, फॅन्टम पॉवर लागेल ना?"

"गिटारला फॅन्टम पॉवर लागत नाही," करिश्मा म्हणाली. "ती त्या वेगळ्या माईकना लागते. मला गिटारचं सॉकेट दाखवा. साधं लाइनचं नको, त्यात गिटार मेल्यासारखी वाजते."

"हो मॅडम," सेल्समन म्हणाला आणि पुन्हा कमलेशकडे वळला. "सर, हा बघा. दोन माईक, दोन गिटार, एकदम स्टुडिओ."

"हाच दे," कमलेश म्हणाला.

"दादा, मला दोन माईक कशाला?"

"तुला नाही गं, मला!" कमलेशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐक. तुळशीच्या लग्नाला आपल्या गाण्याचा व्हिडिओ काढतोय. स्टुडिओतले गिटारवाले लय भाव खातात. हा तुझ्याकडे ठेवू, तू वाजव, मी येऊन गातो. घरच्या घरी काम. आणि ती शिट्टी विसरू नको हां, पब्लिकला तीच आवडते."

"आणि नाव?"

"नाव काय? व्हिडिओ माझ्याच चॅनलवर जाणार ना."

घ्या! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हे. बहिणीची चाल, बहिणीचे हात, बहिणीचं घर, आणि वर भाऊबीजेची ओवाळणी म्हणून मिरवायचं! करिश्माचे कान तापले. काचेवर हात आपटून ती म्हणाली, "तो छोटा काढा. खालच्या कप्प्यातला."

पहिल्यांदाच सेल्समनने तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, तो नका घेऊ. त्यात माईक लागतच नाही."

"म्हणूनच घेते. कोणी माईक घेऊन दारात आला ना, तर लावायला जागाच नको."

कमलेशने पाकीट काढलं, तिने त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच्या फोनवरून पैसे दिले. दुकानातली सगळी माणसं बघायला लागली. कमलेशचं तोंड पडलं. "भावाची ओवाळणी नाकारतेस?"

"ओवाळणी पाहिजे ना. का नको? स्टेजवर सांगितलंस चाल तुझी, तसंच सांग की चाल करिश्माची. एवढंच टाक ताटात. पैसापण लागत नाय त्याला."

"डोक्यात हवा गेलीय तुझ्या," तो म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी आईचा फोन. "भावाशी असा करतान कं गो पोरी? चार लोकांत त्याची शोभा केलीस."

"आये, जमीन मागितली, दिली. तेव्हा तू माझ्यासाठी एक शब्द तरी बोललीस का? आता पण नको बोलूस. त्याला म्हणावं ये, मी ओवाळते. काय पाहिजे ते त्याला माहितीय."

भाऊबीजेला कमलेश आला नाही. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, निरांजनात तूप घातलेलं. दुपार कलली तशी करिश्माने पाट उचलला. रडली ती, खोटं कशाला सांगू. पण दुःखाने थोडी आणि संतापाने जास्त. मग डोळे पुसून तिने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, महेंद्रला म्हणाली, "आज कुकर लागणार नाही, बाहेरून काहीतरी आण." आणि गिटारची वायर डबीत घातली.

हेडफोनमध्ये पहिली तार वाजली आणि ती दचकली. इतक्या वर्षांत तिने स्वतःची गिटार अशी कधी ऐकलीच नव्हती. बोट तारेवरून सरकल्याचंही ऐकू येत होतं. तिने चाल वाजवली, चुकली, पुन्हा वाजवली. अंधार पडेपर्यंत एक नितळ रेकॉर्डिंग तयार झालं.

महेंद्रने ते डोळे मिटून ऐकलं. "मस्त झालंय. पण एक सांगू? लोक म्हणतील, करिश्माने कमलेशचं गाणं गिटारवर वाजवलं."

बोंबला! खरंच होतं ते. चोर तो चोर वर शिरजोर, आणि चोरीचा आळ हिच्यावर. इतकं स्वच्छ वाजवलेलं की त्यावर तिचा कसलाच ठसा नव्हता. ती डोकं धरून बसली. मग एकदम उठली आणि फोनमध्ये होळीच्या वेळचं ते भिकार रेकॉर्डिंग शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिने गाणं टाकलं. सुरुवातीला ओट्यावरचं रेकॉर्डिंग, जसंच्या तसं, पाठवल्याच्या तारखेसकट. पंखा, भंगारवाला, चाल, तिसरी शिट्टी आणि "मर मेल्या!" त्याला लागून नवीन रेकॉर्डिंग, डबीतलं. खाली लिहिलं, 'चाल आणि गिटार : करिश्मा धाकू वैती.' लग्नाआधीचं नाव, मुद्दाम.

तुळशीचं लग्न झालं, हळदी सुरू झाल्या आणि एका संध्याकाळी कमलेशचा फोन आला. आवाज पार उतरलेला. मागे हळदीचा बँड वाजत होता.

"करिश्मा, ते काढून टाक."

"का रे?"

"स्टेजवर गाणं सुरू केलं की ती शिट्टी येते ना, तिथे सगळे हसतात. पोरं खालून ओरडतात, डाळ शिजली का म्हणून. सगळे मला विचारतात, ती शिट्टी कोणाची."

करिश्माने गॅस बारीक केला. "मग सांग ना, दादा. माईक तुझ्याच हातात आहे."