धप्पा

निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून परदेशातल्या या अनाथाश्रमात मी तीन महिन्यांसाठी मुलं सांभाळायला आले. “घरची नातवंडं कमी पडली का?” असं लेकीने विचारलंच होतं.

आज मुलांना लपाछपी शिकवली. राज्य माझ्यावर. लपलेल्याने मागून येऊन धप्पा दिला की पुन्हा मीच राज्य घ्यायचं, हा नियम दोनदा बजावला. अकरा मुलं सापडली, बारावी सापडेना. आश्रमात आल्यापासून जिने तोंडातून शब्द काढला नव्हता, ती, मी जिला खारूताई म्हणायचे.

दोन तास आम्ही पलंगांखाली, कपाटांत, माळ्यावर शोधलं. आश्रमाच्या ड्रायव्हरने पाण्याच्या टाकीतही बांबू फिरवून पाहिला.

अधीक्षकबाईंनी पोलिसांना फोन लावला. “तुम्ही हौसेने येता, निस्तरायचं आम्ही. उद्याचं विमान बघा.”

एरवी मी एकाला दोन ऐकवली असती. आज मात्र जिथे आकडे मोजले होते त्याच भिंतीला डोकं टेकून मी रडायला लागले.

पाठीत सणसणीत दणका बसला.

“धप्पा,” मागून घोगरा आवाज आला.

पिठाने पांढरीफटक झालेली खारूताई उभी होती. मी पाठ वळवायची वाट बघत ती कोठारात दबून बसली होती. संतापून मी हात उगारला. तिने तो शांतपणे धरला आणि माझ्या डोळ्यांवर ठेवला.

“विमानाचं उद्या बघू,” मी बाईंना म्हटलं आणि मोजायला लागले.