प्रिंटरच्या नावानं

नौपाड्यातल्या आमच्या वधूवर केंद्रात मालक त्र्यंबककाकांनी ब्याण्णव साली पत्रिका जुळवायला मोठा युनिक्स सर्व्हर आणला आणि त्याची देखभाल माझ्या गळ्यात घातली. मी तिथली कॉम्प्युटरवाली, शिवाय लग्नासाठी नाव नोंदवलेली मुलगीही. वय एकोणतीस, मंगळ कडक. मंगळाच्या मुलीला ते मशीन फक्त मंगळाचाच मुलगा सुचवायचं, त्यामुळे आजवर एकही धड नाव निघालं नव्हतं.

त्या शुक्रवारी निघालं. सहदेव, डोंबिवलीचा, आमचा प्रिंटर दुरुस्त करणारा. आईनं त्याच्या नावाचा छापील कागद देवापाशी ठेवला आणि रविवारी त्याला घरी बोलावलं. मलाही आनंद झाला, उगीच कशाला लपवू? नुसती रिबन बदलायला हा माणूस तासभर लावायचा आणि बहुतेक वेळ माझ्याशीच बोलायचा.

पण त्याची नोंद मीच टाइप केली होती. मंगळ : नाही.

शनिवारी सर्व्हर तपासायला बसले. आत कोण कधी आलं हे मशीन लिहून ठेवतं. बुधवारी, सहदेव प्रिंटर उघडून बसला होता तेव्हा, आत आला होता चक्क प्रिंटर! सर्व्हरबरोबरच प्रिंटरच्या नावाचं एक खातं आलेलं, आणि त्याला पासवर्डच नव्हता. ते नाव टाइप करून एन्टर मारा, की कुणाचीही पत्रिका बदलायला मोकळे. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अगं उत्तरा, प्रिंटर काय चोरणार आहे?"

मी ते खातं बंद केलं. छपाई चालेल, पण त्या नावानं कुणाला आत शिरता येणार नाही. मग राहिली सहदेवची नोंद, तिथं आता 'मंगळ : आहे' होतं. ती तशीच ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण माझ्या मंगळानं कुणाच्या तरी मुलाचा जीव जाईल, असं आई खरंच मानायची. तिला फसवून लग्न करायचं? मी पुन्हा 'नाही' टाइप केलं आणि रडले. मग भयंकर राग आला आणि त्याच्या दुकानात फोन लावला. रागात 'अहो' गळून पडलं.

"मला विचारायचं सोडून मशीनला कसला पटवतोस?"

"मशीन नाही म्हणत होतं ना."

"मी कुठे नाही म्हटलेलं?"

"मग उद्या येऊ?"

"ये. पण आईला खरं सांगायचं."

रविवारी शिऱ्याची बशी हातात घ्यायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. "काकू, मला मंगळ नाही. मशीनमध्ये मीच घातलेला. आमच्या घरी कुणी मानत नाही."

आईचा चेहरा उतरला. "जिवाची भीती नाही वाटत?"

"उत्तरा नाही म्हणेल, याची वाटते."

आई उठून आत गेली. शिरा संपला, तो निघायला उठला. मला त्याच्याकडे बघवेना. तो चपला घालत होता तेव्हा आई दारात आली.

"डोंबिवलीला उतरलात की पुलावरूनच जा," ती म्हणाली. "आज आणि रोजच. यापुढे रूळ ओलांडलेले मला चालणार नाहीत."