विटकरी लंगोट

वैशालीने लंगोट सोडला आणि तिचे हात जागीच थांबले. शी लाल होती.

ओसरीवर रंगवायला घेतलेल्या गणपतींची रांग, खाली लाल रंगाची उघडी वाटी, आणि तिची एक वर्षाची स्पृहा सकाळपासून तिथेच रांगत होती. सासूबाई धोंडुबाई ब्रश टाकून आल्या.

"रंग खाल्ला पोरीनं. वाटी झाकायला काय झालं होतं गो तुला?"

स्पृहाचा कान फुटला म्हणून पेणच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं औषध दिलं होतं. ताप उतरला होता, पण बाटली संपेपर्यंत द्यायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

"पोटात रंग, वर आणि औषध? बंद कर ते." धोंडुबाईंनी बाटली उचलून देव्हाऱ्यामागे ठेवली.

स्पृहा मात्र पायाचा अंगठा चोखत खिदळत होती. वैशालीने पुन्हा नीट पाहिलं. मग धावत जाऊन वाटीतला रंग कागदावर ओढला आणि लंगोटाशेजारी धरला.

"आई, बघा. आपला लाल पिवळ्यावर जातो. हा विटकरी हाय."

"व्हय गो." धोंडुबाई खाली बसल्या. "मग रक्त?"

तेवढ्यात धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून वैशालीचा नवरा सुशील आला. त्याने हेल्मेट काढलंच नाही. स्पृहा वैशालीच्या मांडीवर, लंगोट पिशवीत, आणि स्कूटर पेणच्या वाटेला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि लंगोटातलं थोडं घेऊन तपासलं. वैशाली त्यांच्या भुवयांकडे बघत राहिली.

"रक्त नाही. लोहाचे थेंब देता ना? या औषधाची आणि त्यांची पोटात गाठ पडली की असा रंग येतो. औषध थांबवू नका, फक्त औषध आणि थेंब यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मात्र अंगावर पुरळ, तोंडाला सूज, धाप किंवा पाण्यासारखे जुलाब झाले, तर लगेच घेऊन या. आणि रंगाच्या वाट्या झाका."

परतताना सुशील इतका खुशीत होता की घराकडे वळायचा हमरापूरचा फाटाच मागे पडला.

घरी प्रत्येक वाटीवर ताटली उपडी घातलेली होती. धोंडुबाई दारातच उभ्या.

"रक्त नाय?"

"नाय."

"रंग पण नाय?"

"नाय, आई. थेंब आणि औषध एकत्र झालं, म्हणून."

धोंडुबाईंनी देव्हाऱ्यामागून बाटली काढली. "हलवून द्यायचं ना गो?" आणि त्या अशा हलवत सुटल्या की स्पृहा टाळ्या पिटू लागली.

औषध पोटात गेल्यावर त्यांनी पिशवीतला लंगोट काढून उजेडात धरला.

"विटकरी," त्या म्हणाल्या. "गणपतीच्या उंदराच्या झुलीला बरा दिसल नाय?"