मागची रांग

बुधवार, ५ ऑगस्ट २००९, नारळी पौर्णिमा. संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी सुगंधा तोडणकरने नाना तांडेलांच्या वाडीचा ग्रुप फोटो काढला. नारळ दर्यात जाऊन तास झाला होता. आभाळ भरलेले होते. सहा जण वाळूत बसले, सहा जण त्यांच्या मागे उभे राहिले, आणि ‘जलदेवी’चे सात खलाशी होडीवर चढून तिसऱ्या रांगेत गेले.

“वैनी, बेगीन काढा. दर्याक नारळ दिलो, आमका अजून चायपण नाय,” होडीवरून एक खलाशी म्हणाला.

“गप रवा रे,” नाना म्हणाले. “हसलात तर दात येतले फोटोत.”

“नानांचे येवचे नाय. ते घराक डब्यात आसत!”

सगळे हसले आणि त्याच क्षणी सुगंधाने बटण दाबले. मग आणखी चार वेळा. कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा, फिकट पडद्यावर तिने पाहिले. एकोणीस माणसे होती, सगळ्यांचे डोळे उघडे होते. नानांनी बोटाने एक-एक चेहरा मोजला आणि मान डोलावली.

कॅमेरा तिच्याकडे येऊन अकरा दिवस झाले होते. तो चार वर्षे जुना होता, आणि तो घेण्याला एक कारण होते.

नवरा दत्ताराम गेल्यावर सुगंधाने स्टुडिओ बंद केला नाही. तिने फिल्मवर सहा वर्षे काढली आणि २००५ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. त्यातला सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता. दत्तारामची पन्नास मिलिमीटरची लेन्स त्याला बसायची, पण चित्राचा मधला तुकडाच पकडायची, कडेची माणसे बाहेर. म्हणून ती लेन्स कपाटात गेली आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या हलक्या लेन्सवर काम सुरू झाले. पासपोर्ट फोटोंना, डोहाळजेवणांना तेवढे पुरत होते.

मालवणात फोटोग्राफरकडे आणखी एक काम येते. माणूस गेला की घरचे लोक कुठला तरी ग्रुप फोटो घेऊन येतात आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवतात. बाराव्याच्या आत त्या चेहऱ्याची भिंतीवरची तसबीर करून द्यायची. गेल्या ऑक्टोबरात हौसाबाई अशीच आली होती. तिचा मुलगा शिवा होडीवरून पडला होता आणि सापडला नव्हता. ग्रुप फोटोत शिवा मागच्या रांगेत, अगदी कडेला होता. फोटो सुगंधानेच काढलेला होता. तिने संगणकावर तो चेहरा मोठा केला, मग आणखी मोठा केला. नाकाच्या जागी ठिपके आले, डोळ्यांच्या जागी सावल्या. होईल तितके नीट करून तिने तसबीर दिली.

हौसाबाईने ती दोन्ही हातांत धरली. दारातल्या उजेडात नेली. परत आणली.

“ह्यो माझो झील न्हय, सुगंधा.”

“काकी, मूळ फोटो तितकोच होतो...”

“तुझो हात वायट नाय गो. पण ह्यो शिवा न्हय.” तिने तसबीर टेबलावर ठेवली आणि पदर सावरून पायऱ्या उतरली.

त्या दिवसापासून सुगंधाने एक गोष्ट ठरवली. तिच्या ग्रुप फोटोतला प्रत्येक चेहरा, कडेचा आणि मागचासुद्धा, एकट्याने भिंतीवर उभा राहिला पाहिजे.

जुलैच्या शेवटी ती फोंडाघाटाची एसटी धरून कोल्हापूरला गेली. वापरलेले कॅमेरे विकणाऱ्या दुकानदाराने तिच्यासमोर दोन कॅमेरे ठेवले. एक नवा कोरा, लहान सेन्सरचा. दुसरा फुल फ्रेम, म्हणजे फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा. त्याच्या कोपऱ्यांवरचा रंग उडाला होता.

“वहिनी, जुनं कशाला घेताय? नवं घ्या की. पंधरा मेगापिक्सल हाय. ह्यात बाराच.”

“मला आकडे नकोत,” सुगंधा म्हणाली. “कडेचा माणूस दाखवा.”

तिने दोन्ही कॅमेऱ्यांतून समोरच्या रसवंतीवरची गिऱ्हाइकांची रांग टिपली आणि शेजारच्या लॅबमध्ये कडेच्या म्हाताऱ्याचा चेहरा दोन्हींतून बारा बाय अठरा छापून घेतला. दुकानदाराने चहा मागवला. तिने चहा थंड होऊ दिला आणि भिंग लावून वीस मिनिटे दोन्ही कागद पाहिले. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर दत्तारामची पन्नासची लेन्स होती. त्या कागदावर म्हाताऱ्याच्या भुवईतले पांढरे केस मोजता येत होते. आपला आधीचा कॅमेरा, त्याच्या लेन्ससकट, तिने तिथेच बदल्यात दिला.

फोटोच्या दिवशी संध्याकाळी सव्वासातला तिच्या मुलीने, वर्षालीने, स्टुडिओतल्या संगणकावर नानांच्या वाडीचा फोटो उघडला. पुढची रांग पाहून ती शीळ घालणार होती. मग तिने फोटो मोठा केला.

“आये, मागची रांग बघ.”

सुगंधाने खुर्ची ओढली. बसलेले सहा जण लख्ख होते. उभे असलेले सहा जण बरे होते. होडीवरचे सातही चेहरे ओल्या बोटाने पुसल्यासारखे दिसत होते. पाचही फोटोंत तसेच.

“कॅमेरो बिघडलो काय?”

“कॅमेरो नाय. मी.”

चूक कुठे झाली ते तिला पाच मिनिटांत कळले. उजेड कमी होता. आधीच्या कॅमेऱ्यात उजेड पकडायचा आकडा, आयएसओ, चढवला की चेहऱ्यांवर रवा सांडल्यासारखे ठिपके यायचे, म्हणून चार वर्षांत हाताला सवय लागली होती: आयएसओ दोनशेवर, लेन्स पूर्ण उघडी. लहान सेन्सर आणि ती हलकी लेन्स यांत ते चालून जाई, पुढची-मागची माणसे सारखीच यायची. मोठ्या सेन्सरवर पन्नासची लेन्स एवढी उघडली की कॅमेरा एकच रांग धरतो आणि मागची सोडून देतो. हे तिने दुकानात विचारले नव्हते. रसवंतीवर एकच रांग होती.

“चार बाय सहाच्या कागदार कोणाक कळाचा नाय, आये. नानांनी बघल्यानी, खूश झाले.”

“आता कळाचा नाय.”

“मगे?”

“जेव्हा कळतला, तेव्हा परत काढूक मेळाचा नाय.”

वर्षालीने फोटो बंद केला. हौसाबाई आली तेव्हा ती याच खुर्चीवर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुगंधा किनाऱ्यावर पोचली तेव्हा ‘जलदेवी’ने नांगर उचलला होता आणि तिचे तोंड दर्याकडे होते. आता मागून हाक मारता येत नव्हती. मोसमाच्या पहिल्या दिवशी निघालेल्या होडीला कोणी मागून हाक मारत नाही. मारली तर होडी वळवायची, आणि वर्षभर ते बोलणे ऐकायचे. किनाऱ्यावर निरोपाला आलेल्या बायका गप्प उभ्या होत्या. एकीने तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवले.

सुगंधाने चपला काढल्या आणि जेटीकडे धावत सुटली. होडीला जेटीच्या टोकाला वळसा घालून जावे लागणार होते. मागे वर्षाली होती.

“आये, पाणी लागात! ह्यो एकच कॅमेरो आसा आता!”

टोकाच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. सुगंधा तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली. लाट आली, लुगडे कमरेपर्यंत भिजले. तिने कॅमेरा डोक्यावर धरला, लाट ओसरू दिली, मग आकडे बदलले. ॲपर्चर आठ, म्हणजे लेन्सचे तोंड लहान. आयएसओ सोळाशे. या आकड्याला तिने चार वर्षांत हात लावला नव्हता.

होडी समोरून आली. सुगंधा आता तिच्या पुढे होती, म्हणून बोलायला हरकत नव्हती.

“नाना! इंजिन हळू करा!”

“वैनी, खुळावलास काय? कालच तर काढलास!”

“काल माजी चूक झाली. मागची रांग बिघडली. हय बघा सगळे!”

“माजो बरो इलो मां?” नानांनी विचारले.

“तुमचो बरो इलो. दातांशिवाय.”

होडीवर हशा झाला. नानांनी इंजिन मंद केले. खलाशी कठड्याशी आले, एकाने टोपी काढली, एकाने केस पाण्याने चापून बसवले. सुगंधाने पाच फोटो काढले. मग डोळा कॅमेऱ्यावरून काढला आणि मोजले.

“सहाच आसत. सुदेश खंय?”

“सुदेश रात्रीच गेलो. वास्कोक ट्रॉलरार माणूस कमी होतो, फोन इलो. आठ दिसांची खेप.”

“मगे परत हय येतलो?”

“येतलो तर! जातलो खंय?”

इंजिनाचा आवाज वाढला. होडी टोक ओलांडून गेली आणि सुगंधाने तिच्यामागे काहीच म्हटले नाही.

दुपारपर्यंत सहा चेहरे बारा बाय अठराला तपासून झाले. सहाही टिकले. प्रत्येकाच्या नावाची फाइल करून वर्षालीने ती दोन सीड्यांवर उतरवली. सातव्या नावाची फाइल रिकामी ठेवली. नानांच्या वाडीला ग्रुप फोटोच्या प्रती दिल्या नाहीत. “एक माणूस रवलो आसा,” एवढेच सुगंधाने कळवले.

सुदेश धामापूरचा. त्याचा मोबाइल लागत नव्हता. समुद्रात लागत नाहीच. सुगंधाने वास्कोच्या जेटीवरच्या कार्यालयाचा नंबर मिळवला. ट्रॉलर बंदराला लागल्याचे कळताच कुडाळहून रेल्वेने जायचे, जेटीवर फोटो काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परतायचे, असे तिने ठरवले. कॅमेऱ्याची बॅटरी रोज चार्ज करून ठेवली. तेरा तारखेला, म्हणजे आठव्या दिवशी, तिने पहिला फोन केला. कारकून म्हणाला, उद्या येईल. चौदाला म्हणाला, एक-दोन दिवस मागे-पुढे होतात. पंधराला सुट्टी होती, फोन कोणी उचलला नाही. सोळाला रविवार.

सोमवारी, १७ ऑगस्टला, सकाळी दहा वाजता तिने पुन्हा फोन केला. कारकुनाने आता तिचा आवाज ओळखला.

“ना बाय. अजून येवंक ना.”

“बिनतारीवर काही बोलणं झालंय का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. शुक्रवारपासून झालेले नाही, असे त्याने सांगितले. मग थोडे थांबून विचारले, “तुमी त्याची कोण?”

“फोटोग्राफर,” सुगंधा म्हणाली. आणि कुडाळहून पहिली गाडी किती वाजता आहे, ते तिने वर्षालीला बघायला सांगितले.