टेकडीचा वंशज डाऊन

मित्रांनो, स्टेशनातल्या पाटीवरचा ताजा रंग बघून मला तरुण समजू नका. मी हजार वर्षांहून जुना इंग्रजी शब्द आहे. माझे नाव डाऊन. आज माझा अर्थ 'खाली', पण माझ्या घराण्याचे मूळ नाव होते 'डून', म्हणजे टेकडी. टेकडीवरून उतरणारा इंग्रज 'ऑफ डून' म्हणे, म्हणजे 'टेकडीवरून'. पुढे बोलण्याच्या घाईत त्याने सुरुवातीचे 'ऑफ' गिळले आणि उरलेल्या टेकडीलाच 'खाली' म्हणू लागला.

मग आगबोटीतून मी इकडे आलो आणि रेल्वेत चिकटलो. १९५४ साली जालना स्टेशनात परतूरकडच्या गाडीच्या पाटीवर मी होतो. उन्हापावसात उभा राहून हजारो माणसे मी बरोबर गाडीत बसवली. कौतुक कोणी केले नाही, पण अपमानही कोणी केला नव्हता. तो काकासाहेबांनी केला.

ते आपल्या मुलाचे, कचरूचे, वऱ्हाड घेऊन परतूरला निघाले होते. दुपारचा मुहूर्त आणि पुढची गाडी थेट संध्याकाळी. गाडी फलाटाला लागली आणि कोणीतरी त्यांना माझा अर्थ सांगितला. ते ट्रंकेवर बसले ते बसलेच.

“आपण मुलाकडचे. डाऊन गाडीनं कसं जायाचं? व्याही काय म्हनतील?”

“भात गार झाला म्हनतील,” त्यांची आई चतुराबाई म्हणाली.

“आई, मानाचा सवाल हाय.”

“मंग तू मान घेऊन बस हितं. आमी नवरदेव घेऊन जातो.”

बाशिंग सावरत कचरू रडवेला झाला. गार्डाने शिट्टी फुंकली. मी पाटीवर नुसता चडफडत होतो. शब्दाला स्वतःची बाजू मांडता येते कुठे?

तेवढ्यात नवरदेवाचे मामा पुढे आले. हे भुजंग मास्तर शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी माझी सारी वंशावळ भराभर सांगून टाकली.

काकासाहेबांनी विचारले, “म्हंजे डाऊन जायाला आधी टेकडीवर असावं लागतं?”

“बिलकुल.”

“मंग परतूरवाल्यांना हितं डाऊन येताच येणार न्हाई.”

“कसं येणार? चढा जल्दी.”

आणि काकासाहेब टेकडीवरून उतरल्याच्या थाटात डब्यात चढले. मुहूर्त साधला. मांडवात त्यांनी व्याह्यांना दोनदा ऐकवले, “आमी टेकडीवरून आलोय.” जालन्यात कोणती टेकडी, हे त्या बिचाऱ्यांनी विचारले नाही.

मित्रांनो, 'डाऊन म्हणजे खाली' एवढे पाठ करून मला सोडून देऊ नका. शब्द असो की माणूस, कोणाला खालचा म्हणण्याआधी तो कुठून आला ते विचारा. बहुतेकांच्या मागे एखादी टेकडी निघतेच.